डिकीतला हॉर्न

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण लिहायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नव्हते. आमचं गाव धारवाड जिल्ह्यात, अळणावरजवळ. तिथं कुणी आजारी पडलं की आधी डॉक्टरकडे न्यायचं की देवऋष्याकडे, यावरून अजून भांडणं होतात, आणि आमच्या घरात डॉक्टरच्या बाजूनं भांडणारी मी एकटी. घराण्यात कॉलेजला गेलेलीही मी पहिलीच. त्यामुळे अंधारातून जाताना भीती वाटली तरी मी कधी कुणाला कळू दिलं नाही... उगाच कुणी म्हणायला नको, एवढं शिकून काय उपयोग झाला.

आणि जे झालं ते अंधारात झालंच नाही. सगळं दिवसाउजेडी, लोकांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर झालं. म्हणून तर जास्त अवघड वाटतं.

आधी गाडीबद्दल सांगते. छोटी, पांढरी, चार दारांची गाडी आहे आमची. माझ्यापेक्षा वयानं मोठी. मीटरचे आकडे पूर्ण फिरून परत शून्यापासून सुरू झालेत — एकदा की दोनदा, यावर अप्पांचं आणि आमच्या मेस्त्रींचं एकमत नाही. ही गाडी मूळची धारवाडच्या एका वकीलसाहेबांची. माझे वडील, म्हणजे अप्पा, त्यांच्याकडे बरीच वर्षं ड्रायव्हर होते. साहेब गेले, त्यांचा मुलगा मुकुंददादा बेंगळूरला, आणि साहेबांच्या बाई — त्या शाळेत शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात — त्यांना गाडी येत नव्हती. त्यांनी गाडी अप्पांना दिली. म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडे गेली तर महिनाभरात भंगारात जाईल. तुझ्याकडं निदान चालत राहील."

अप्पा आता एका कारखान्याची स्टाफ बस चालवतात. पहाटे जातात. गाडी दारात उभी राहायची, आणि उभ्या गाडीला जास्त गंज चढतो म्हणून अप्पांनी मला चालवायला शिकवलं. माझं कॉलेज हुबळीला. माझ्या वर्गातली पूजा आमच्याच गल्लीतली. ती पेट्रोलचा वाटा द्यायची आणि आम्ही दोघी गाडीनं जायचो.

जुनी गाडी चालवायची म्हणजे रविवार तिच्या नावावर. बॉनेट उघडून आधी ऑइलची काडी बघायची, रेडिएटरचं पाणी बघायचं, बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड धरली असेल तर गरम पाणी ओतून घासायची आणि वर व्हॅसलीन लावायचं. फॅनबेल्ट ओरडतोय का, क्लचची केबल जड झालीय का... हे सगळं अप्पांनी शिकवलं. मी गाडीत टेप बसवायचं काढलं की म्हणायचे, "गाणं लावून चालवलीस तर वायसरचं दुखणं इंजिनपर्यंत जाईल, पण तुला कळायचं नाही."

मला ते काम आवडायचं, खरंच. पण लाजही वाटायची. सीटची कव्हरं फाटलेली, हेडलाइट पिवळे मिणमिणते, आणि हॉर्न... तो हॉर्न कसा सांगू. दाबला की आधी घशात अडकल्यासारखा 'खर्र' व्हायचा, मग 'पीं' म्हणून बारीक निघायचा आणि शेवटी तुटायचा. पूजा त्याला सर्दी झालेली शेळी म्हणायची. कॉलेजच्या गेटवर गाडी दिसली की मुलं 'बेंऽऽ' करायची.

आता बाईंची गोष्ट. त्यांचं घर रायापूरला, हुबळी रोडवरून डाव्या हाताला आत जाणाऱ्या गल्लीत. साहेब कोर्टातून परत येताना कोपऱ्यावरच हॉर्न द्यायला लावायचे, म्हणजे गाडी पोचेपर्यंत बाई गेट उघडून उभ्या. अप्पांनी तो हॉर्न इतकी वर्षं दिलाय की गाडी आमची झाल्यावरही त्या कोपऱ्यावर त्यांचा हात आपोआप जायचा.

दोन वर्षांपूर्वी बाईंना घरात चक्कर आली. नजरही अधू झालेली. मुकुंददादा त्यांना बेंगळूरला न्यायला आला, आणि बाई काही केल्या तयार होईनात. आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हा दोघांचं चाललंच होतं.

"फोन केला की हिचं कायम 'बरं आहे'," मुकुंददादा अप्पांना सांगत होता. "चक्कर येऊन पडली होती, तरी फोनवर 'बरं आहे'!"

"होतेच की बरी," बाई म्हणाल्या. "पडल्या पडल्या बरी होते."

"आई, थट्टा नको. कामवाली दुपारी येते. तोवर तू जमिनीवर पडून राहिलीस तर कुणाला कळणार?"

"तुझ्या अकराव्या मजल्यावर नेऊन मला काय बघायला लावणार? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे?"

तेव्हा अप्पा मध्ये पडले. "दादा, एक बोलू का? आमची रेणुका रोज सकाळी ह्याच रस्त्यानं कॉलेजला जाते. ती कोपऱ्यावरून आत येईल आणि हॉर्न देईल. बाईंनी व्हरांड्यातला दिवा लावायचा आणि बंद करायचा. दिवा लागला की ही पुढं जाईल. नाही लागला तर उतरून बघेल आणि तुम्हाला फोन करेल. रोजच्या रोज."

मुकुंददादानं माझ्याकडे बघितलं. "जमेल तुला? एक दिवसही चुकवायचा नाही."

मी "हो" म्हटलं. मला अभिमानच वाटला होता. त्या एका 'हो'वर बाई त्यांच्या घरात राहिल्या.

आणि पहिलं वर्षभर मी नीट केलंही. कोपऱ्यावरून आत वळायचं, हॉर्न, बदामाच्या झाडाखालच्या अंधाऱ्या जाळीच्या व्हरांड्यात पिवळा दिवा लागायचा, विझायचा. मी निघायचे. कधी बाई जाळीशी येऊन म्हणायच्या, "अगं, गाडीला कुठलातरी नवा आवाज येतोय, अप्पाला सांग." त्यांची नजर अधू होती, पण कान इतके तिखट की सायलेन्सरचा क्लँप सैल झालेला अप्पांच्या आधी त्यांनी ओळखला होता.

मागच्या खंडेनवमीआधी अप्पांना बोनस मिळाला आणि ते म्हणाले, पूजेआधी गाडीला जरा रूप आणू. मग आम्ही हुबळीच्या कमरीपेठेत मेस्त्रींच्या गॅरेजला गेलो. नवी सीट कव्हरं, हेडलाइटला रिले आणि चांगले बल्ब, तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला, इंजिनची रबरं बदलली त्यामुळे स्टीअरिंगची थरथर गेली. मी सगळा दिवस तिथंच होते. शेवटी मेस्त्री — मला ते कन्नडमधून तंगी, म्हणजे धाकटी बहीण म्हणतात — म्हणाले, "आणि काय तंगी? झालं?"

मी म्हटलं, "हॉर्न."

अप्पांनी काही हरकत घेतली नाही. हसून म्हणाले, "बदल बाई. त्या शेळीला आता म्हातारपण आलंय."

मेस्त्रींनी दोन शिंगांचा नवा जोड-हॉर्न बसवला. दाबल्यावर शेजारच्या टपरीवाल्याच्या हातातला ग्लास हिंदकळला. "हा पाहा," मेस्त्री म्हणाले, "ह्याला ऐकून म्हशीपण रांगेत चालतील." जुना हॉर्न त्यांनी वायरी तोडून माझ्या हातात दिला. मी तो एका जुन्या फडक्यात गुंडाळून डिकीत, स्टेपनीच्या बाजूला ठेवून दिला. का ठेवला, माहीत नाही. टाकवला नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी रायापूरच्या गल्लीत वळले आणि नवा हॉर्न दाबला. समोरच्या घरातल्या शांतक्का — बाईंच्या शेजारीण — झाडू हातात घेऊनच धावत बाहेर आल्या. "याकव्वा, लारी तगोंडी एन? माझा नातू दचकून उठला की गं!"

"लॉरी नाही घेतली अक्का, हॉर्न बदललाय..."

"मग परत बदल!"

पूजा गाडीत हसून हसून वाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हरांड्यातला दिवा लागला, पण जरा उशिरानं, थांबून थांबून. मी घाईनं निघाले.

त्यानंतरच्या दिवशी मी आत वळलेच नाही. मेन रोडवरच कोपऱ्याशी गाडी हळू केली. तिथून गल्लीच्या टोकाला व्हरांडा दिसतो. मनाशी म्हटलं, आज इथूनच बारीकसा हॉर्न देऊ. पण हॉर्नला बारीक-मोठं काही कळत नाही ना... हात तसाच राहिला. काचा वर, मेन रोडच्या गाड्यांचा गोंगाट... आणि जरा वेळानं मी बघते तर दिवा लागला. विझला.

मी हॉर्न दिलाच नव्हता.

मला वाटलं बाईंनी वेळ बघून लावला असेल. त्या घड्याळासारख्या वागणाऱ्या. बरंच झालं म्हटलं. मग रोजचं तसंच सुरू झालं. कोपऱ्याशी जरा हळू करायचं, दिवा बघायचा, पुढं जायचं. पहिलं लेक्चर चुकत नव्हतं, शांतक्का ओरडत नव्हत्या. पुढं पुढं मी गाडी हळू करणंही सोडलं. पूजाच खिडकीतून बघून म्हणायची, "लागला गं," आणि एखाद्या दिवशी ती मोबाइलमध्ये असायची. तेव्हा आम्ही दोघीही बघायचो नाही.

हे लिहिताना हात जड होतोय. पण लिहायचं ठरवलंय.

दिवाळीत अप्पांबरोबर बाईंकडे फराळ घेऊन गेले. शांतक्काही तिथंच बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "शाणी आहेस हं. मी एकदा रागावले तर लगेच तो हॉर्न काढलास. आता जुनाच वाजतो, तेवढाच बरा."

माझ्या हातातला चिवड्याचा डबा तसाच राहिला. "जुना?"

"मग काय! रोज ऐकते की. घसा बसलेला तुझा." आणि त्यांनी आवाज काढून दाखवला — आधी खर्र, मग पीं, मग तुटलेला. हुबेहूब.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी परस्पर जाऊन हॉर्न बदलून आणला. बाईंनी मात्र करंज्यांची बशी माझ्यापुढं सरकवली. "खा गं. दमून जात असशील." तो 'दमून' शब्द मला लागला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. करंजी खाल्ली.

घरी येऊन डिकी उघडली. स्टेपनीच्या बाजूला फडकं तसंच. उलगडलं तर हॉर्न आत, वायरींची तुटकी टोकं वर आलेली, आणि तोंडाला कोळ्याचं जाळं. मेस्त्रींना फोन केला. "मेस्त्री अण्णा, असाच आवाज दुसऱ्या गाडीचा असू शकतो का?"

"का नाही? एकाच कंपनीची हजार पोरं असतात, सगळी आईसारखीच रडतात," ते म्हणाले. "तुला परत पाहिजे का तो? फुकटात बसवतो."

"नको," मी म्हटलं. हे 'नको' का म्हटलं, हेही मला नीट सांगता येत नाही.

ती दुसरी गाडी बघायचीच असं ठरवलं. एका सकाळी पूजाला ताप होता. मी गाडी घरीच ठेवली, किल्ली माझ्या बॅगेत. बसनं रायापूरला उतरले आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. लख्ख ऊन पडलं होतं. एक दूधवाला सायकलवरून गेला. शांतक्का दारात पाणी शिंपडत होत्या, त्यांची माझ्याकडे पाठ होती. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. एकही गाडी नाही, स्कूटरसुद्धा नाही.

आणि हॉर्न वाजला.

माझ्यापासून चार हातांवर. जिथं मी रोज गाडी वळवून थांबायचे, त्याच जागी. खर्र... पीं... आणि तुटला. लांबून किंवा मोबाइलमधून आल्यासारखा नव्हे — समोर बॉनेटखाली वाजतो तसा, जरासा पत्र्याचा. शांतक्कांनी मान वर करूनही बघितलं नाही, इतकी त्यांना सवय झालेली. जाळीमागं दिवा लागला. विझला.

 मी पायरीवर बसले. त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. काही दिसलं नाही. पेट्रोलचा वास आला की नाही, हेही आता खात्रीनं सांगत नाही, कारण मेन रोड जवळच होता.

आता जे सांगणार आहे त्याच्यासाठी हा सगळा प्रपंच.

भीती वाटली, खूप वाटली. पण बसमध्ये बसल्यावर, खिडकीचा वारा लागल्यावर माझ्या मनात पहिला स्पष्ट विचार कुठला आला? 'म्हणजे मी गेले नाही तरी चालतं.' देवाशपथ, हाच. काम होतंय ना... कोण करतंय, कसं करतंय, मला ते बघायचं नव्हतं. मी रायापूरच्या कोपऱ्यावर मान दुसरीकडे वळवून गाडी चालवायला लागले. बाईंना बघायचं काम मी त्याच्यावर — ते जे काही होतं त्याच्यावर — सोडून दिलं. अप्पा विचारायचे, "दिवा लागला?" मी म्हणायचे, "लागला."

मग परीक्षा आल्या. एका पेपरला मी नेहमीपेक्षा लवकर निघाले होते; रोज रायापूरवरून जायच्या वेळेला हॉलमध्ये बसलेले, मोबाइल बाहेर बॅगेत, गाडी कॉलेजच्या मैदानात. पेपर सुटल्यावर मोबाइल बघितला तर अप्पांचे मिस्ड कॉल भरलेले. बाई मागच्या मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. हात मोडला, डोक्याला खोक. पण शुद्धीवर होत्या, दवाखान्यात होत्या.

मी तशीच गेले. बाहेरच्या बाकावर शांतक्का बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि माझे दोन्ही गाल हातात धरले. "तू नसतीस तर काय झालं असतं गं पोरी!"

"मी?"

"अगं, केवढा तो हॉर्न! थांबायलाच तयार नाही. मी म्हटलं ह्या पोरीला झालंय काय, आज सोडतच नाही हिला. झाडू घेऊनच आले बाहेर! बघते तर तू गेलेली. पण बाईंचा दिवा लागलेला नाही, आणि आतून कण्हण्याचा आवाज. मग मी मागच्या दारानं आत शिरले..." त्या डोळे पुसत होत्या. "पेपर होता ना तुझा? म्हणून थांबली नाहीस. असू दे. मला उठवलंस, तेवढं पुरे."

मी काही बोलायच्या आत सगळी कारणं त्यांनीच माझ्यासाठी देऊन टाकली.

संध्याकाळी मुकुंददादा विमानानं आला. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. एवढा मोठा माणूस... अप्पा शेजारी उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दहावी पास झाले तेव्हाही नव्हतं. दादा म्हणाला, "आईला इथं ठेवलं म्हणून बायको मला रोज बोलते. आज तिला सांगितलं, तिथं आमची माणसं आहेत."

आमची माणसं. मला ते सहन झालं नाही.

मी त्याला जिन्याजवळ बाजूला बोलावलं आणि सांगितलं. सगळं. नवा हॉर्न, कोपरा, दिवा, गल्लीत ऐकलेलं, आज मी हॉलमध्ये होते ते.  हॉर्नचं ऐकून तो मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. पण हॉर्नचं त्यानं ऐकूनच घेतलं नाही. त्याला एकच ऐकू आलं.

"म्हणजे इतके दिवस कुणी बघतच नव्हतं?"

"दादा, पण..."

"शांतक्कांनी कुणाच्यातरी गाडीचा हॉर्न ऐकला, ते आईचं नशीब. तू नव्हतीस." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "ठीक आहे. सांगितलंस, बरं केलंस."

बाईंचं प्लास्टर निघायच्या आतच बेंगळूरला जायचं ठरलं. घरी आल्यावर अप्पांनाही सगळं सांगितलं. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब असतील ते. तुझ्या बदली यायचे." आणि देवापुढं जाऊन बसले.

निघायच्या दिवशी बाईंनी हट्ट धरला — हुबळी स्टेशनपर्यंत साहेबांच्याच गाडीनं जाणार, आणि रेणुका चालवणार. मुकुंददादा सामान घेऊन रिक्षानं पुढं गेला. अप्पा ड्यूटीवर होते. गाडीत आम्ही दोघीच. बाईंनी नव्या कव्हरवरून धड हात फिरवला, मोडलेला गळ्यातल्या झोळीत होता. "मऊ आहे. स्टीअरिंग आता थरथरत नाही ना?"

"नाही बाई." आणि मग मला रडू फुटलं. "बाई, माझं चुकलं. मी येत नव्हते. मी तुम्हाला फसवलं."

"माहीत होतं मला."

मी डोळे पुसले.

"अगं, डोळे गेलेत माझे, कान नाही. नवा हॉर्न पहिल्याच दिवशी ऐकला मी. दुसऱ्या दिवशी जुना वाजला. मागं इंजिनचा आवाज नाही, दार नाही, तुझ्या त्या मैत्रिणीचं खिदळणं नाही. नुसता हॉर्न. मला कळायचं नाही होय?"

"मग तुम्ही... भ्याला नाहीत?"

"पहिल्या दिवशी भ्याले. दिवा लावायला वेळ लागला." त्यांनी झोळीतला हात सावरला. "मग म्हटलं, येतोय ना? येऊ दे. कोण आहे म्हणून विचारायला गेले आणि थांबला तर? मी दिवा लावायचे. माझं घर मला राहात होतं. तुझं कॉलेज होत होतं. कुणाचं काय बिघडत होतं, रेणू? मी तुला कधी विचारलं का?"

"नाही."

"दिवाळीत तुझा आवाज पडलेला ऐकूनसुद्धा विचारलं नाही. मुकुंदाला सांगायच्या आधी तू तरी मला एकदा विचारायचं होतंस."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. थकल्या होत्या. मी गाडी सुरू केली. मी तर खरं बोलून मोकळी व्हायला गेले होते. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी बोलले, आणि त्याचा भार त्यांच्यावर पडला. हे मला जिन्याजवळ उभी असताना सुचलंच नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर आलो. बाईंनी मान जराशी तिरकी केली, कान देऊन ऐकावं तशी. मीही काच खाली केली. माझा हात स्टीअरिंगवर होता, पण मी हॉर्न दाबला नाही. आणि दुसराही कुठला वाजला नाही. मागं सिटी बसवाला चिडून वाजवायला लागला, तेव्हा मी गाडी मेन रोडला घेतली. स्टेशनवर मी बाईंच्या बाजूचं दार उघडलं. उतरताना फक्त म्हणाल्या, "क्लच जड झालाय. केबलला ग्रीस मार."

आता त्या अकराव्या मजल्यावर आहेत. फोन केला की म्हणतात, "बरं आहे."

घर बंद आहे. शांतक्कांना परवा विचारलं, तर म्हणाल्या आता हॉर्न ऐकू येत नाही. मग लगेच म्हणाल्या, "म्हणजे मी त्या वेळेला मागं धुणं धुवायलाच जाते आता. पुढं बसवत नाही."

मी सायन्सची विद्यार्थिनी नाही, पण शोधायचं तेवढं शोधलं. त्या गल्लीत तसली दुसरी गाडी कुणाकडेच नाही. शांतक्कांचा भास म्हणावा तर तो मला कसा झाला? आणि त्या सकाळी मी हॉलमध्ये असताना कोण वाजवत राहिलं? काही उत्तर सापडलेलं नाही. अप्पांना साहेब वाटतात. मला माहीत नाही. साहेब असतील तर त्यांच्या फोटोपुढं उभं राहायची माझी हिंमत नाही. आणि नसतील, दुसरंच कुणी असेल... तर त्यानं माझं टाकलेलं काम उचललं होतं, एक दिवसही न चुकवता, आणि मी तेही त्याच्याकडून काढून घेतलं.

तुमच्यापैकी कुणाला असं काही ठाऊक असेल तर सांगा. हॉर्न कोण वाजवत होतं, हे कळलं नाही तरी चालेल मला. पण सकाळी मी रायापूरवरून जाते तेव्हा डाव्या हाताला बघवत नाही. ते अजून येत असेल का तिथं? आणि दिवा लागत नाही म्हटल्यावर, किती वेळ थांबून राहत असेल?